निबंध हलका झाला, प्रबंध जड झाला

नोंदणी कार्यालयाच्या दारावर ‘दुय्यम निबंधक’ अशी पाटी असते. रेल्वे स्थानकात एका खोलीवर ‘स्टेशन प्रबंधक’ लिहिलेलं असतं. पहिले साहेब निबंध लिहीत नाहीत, ते दस्त नोंदवतात. दुसरे साहेब प्रबंध लिहीत नाहीत, ते स्थानक सांभाळतात. तरी दोन्ही पाट्या बरोबर आहेत. ‘प्रबंध’ या शब्दाचा अर्थ शोधायला निघालो तेव्हा मला सगळ्यात जास्त मदत या पाट्यांनीच केली.

आज मराठीत प्रबंध म्हटलं की जाड पुठ्ठ्याचं, सोनेरी अक्षरांत विषय छापलेलं, विद्यापीठात पीएच. डी.साठी सादर केलेलं बाड डोळ्यांपुढे येतं. एका विषयाचा पद्धतशीर अभ्यास करून, पुरावे देऊन, क्रमाने मांडलेलं दीर्घ लेखन, असा त्याचा अर्थ सांगता येईल. या अर्थात चूक काही नाही, पण तो अगदी अलीकडचा आहे. शब्द मात्र दीड हजार वर्षांचा तरी नक्की आहे. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’च्या सुरुवातीला प्रश्न येतो, की भास, सौमिल्लक, कविपुत्र अशा नावाजलेल्या कवींचे ‘प्रबंध’ सोडून हल्लीच्या या कालिदासाचं नाटक कशाला करायचं? तिथे प्रबंध म्हणजे नाटक. तळटीप नाही, संदर्भसूची नाही, मार्गदर्शक तर नाहीच.

नाटकालाही प्रबंध आणि पीएच. डी.च्या बाडालाही प्रबंध, हे जमतं ते मूळ धातूमुळे. ‘बन्ध्’ म्हणजे बांधणे. त्याला ‘प्र’ हा उपसर्ग लागला. ‘प्र’मध्ये पुढे जाण्याचा भाव आहे आणि उत्तम, विशेष असाही. म्हणजे प्रबंध ही नीट, सलग, पुढे पुढे नेत केलेली बांधणी. कशाची बांधणी, ते शब्द सांगत नाही. गोष्टीची असेल, गाण्याची असेल, युक्तिवादाची असेल. अट एकच, भाग सुटे राहता कामा नयेत.

याच धातूचा गोतावळा मराठीत केवढा आहे! संबंध, अनुबंध, निर्बंध, प्रतिबंध हे उघड दिसणारे. शेताचा बांध, शरीराचा बांधा, आणि मला फार आवडणारं ‘बांधेसूद’ हे विशेषण. फारसीतून आलेला ‘बंदोबस्त’ही लांबचा नातलग निघतो. फारसीतला ‘बंद’ आणि संस्कृतातला ‘बंध’ एकाच मुळापासून फुटलेले आहेत, आणि ‘बस्त’ हेही त्याच फारसी धातूचं रूप. बंदोबस्त म्हणजे शब्दशः बांधाबांध. इंग्रजीतलं पुस्तकाचं ‘बाइंडिंग’सुद्धा याच कुळातलं.

आता स्टेशन प्रबंधकाची पाटी उलगडते. हिंदीत प्रबंध म्हणजे व्यवस्था. माणसं, गाड्या, वेळा यांची नीट बांधणी करणारा तो प्रबंधक. आपण त्याला व्यवस्थापक म्हणतो, त्यामुळे मराठीत प्रबंध हा शब्द लेखनासाठी मोकळा राहिला. हिंदीत मात्र नुसतं प्रबंध म्हटलं तर व्यवस्थेशी घोटाळा व्हायचा, म्हणून तिथे विद्यापीठातल्या लेखनाला ‘शोधप्रबंध’ म्हणावं लागतं. मराठीतही हा जोडशब्द चालतो, पण तो आपल्याकडे सोय आहे, गरज नाही.

निबंधकाची गोष्ट थोडी जास्त गमतीची आहे. ‘नि’ म्हणजे खाली, आत, घट्ट. निबंध म्हणजे जखडून टाकणं. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्ती मोक्षासाठी आणि आसुरी संपत्ती ‘निबंधा’साठी असं म्हटलं आहे. तिथे निबंध म्हणजे चक्क बंधन. दहावीच्या परीक्षेत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहिणाऱ्या मुलांना हा अर्थ सांगितला तर त्यांना तो लगेच पटेल. याज्ञवल्क्य स्मृतीत वारसाहक्काच्या प्रकरणात निबंध येतो तो आणखी वेगळ्या अर्थाने, ठरवून बांधून दिलेलं नियमित उत्पन्न. विज्ञानेश्वराने या स्मृतीवरच्या ‘मिताक्षरा’ या आपल्या टीकेत उदाहरण दिलं आहे ते पानांच्या प्रत्येक भाऱ्यामागे इतकी पानं, सुपारीच्या प्रत्येक भाऱ्यामागे इतक्या सुपाऱ्या, असं. एकदा बांधून दिलेलं, पुन्हा बदलायचं नाही. व्यवहार कागदावर असा पक्का बांधून ठेवणारा अधिकारी निबंधक झाला, यात नवल ते काय.

म्हणजे दोन्ही शब्द बांधण्याचेच. निबंधात एका जागी घट्ट बांधण्यावर भर, प्रबंधात पुढे पुढे बांधत नेण्यावर. हा फरक नीट धरून ठेवला की पुढची उलथापालथ मजेशीर वाटू लागते.

तेरावं शतक, यादवांचं राज्य. देवगिरीला सिंघण राजाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. पेशाने हिशेबखात्याचा माणूस, आणि त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातला चौथा अध्याय प्रबंधांचा आहे. तिथे प्रबंध म्हणजे गाण्याचा एक बांधीव प्रकार. शार्ङ्गदेव गाण्याचे दोन भाग करतो, निबद्ध आणि अनिबद्ध. आलाप अनिबद्ध. जे ठरलेल्या अवयवांत बांधलेलं ते निबद्ध, आणि त्याची तीन नावं: प्रबंध, वस्तू, रूपक. प्रबंधाचे चार धातू म्हणजे चार भाग तो सांगतो. उद्ग्राह ही सुरुवात, ध्रुव हा परत परत येणारा भाग, आभोग हा शेवट. आणि उद्ग्राहाला ध्रुवाशी जोडणारा मेलापक. आजही ख्यालात गायक बंदिश म्हणतो ती हीच कल्पना, फक्त शब्द फारसी वाटेने आलेला. कुणाला प्रबंधलेखनाचा आराखडा शिकवायचा असेल तर मी हा अध्याय उघडून दाखवीन. सुरुवात सगळे लिहितात, शेवटही लिहितात. मेलापक राहून जातो.

त्याच यादवांच्या राज्यात, त्याच शतकाच्या उत्तरार्धात, हेमाद्री पंडित मोठ्या अधिकारावर होता. त्याचा ‘चतुर्वर्गचिन्तामणि’ हा धर्मशास्त्रावरचा प्रचंड ग्रंथ. या जातीच्या ग्रंथांना नाव आहे ‘निबंध’. त्याच्या आधी बाराव्या शतकात लक्ष्मीधराचा ‘कृत्यकल्पतरु’ झाला, नंतर 1612 मध्ये कमलाकरभट्टाचा ‘निर्णयसिंधु’ झाला. हे सगळे निबंध, आणि त्यांचे कर्ते निबंधकार. ते करायचे काय? एखादं व्रत, दान, श्राद्ध, वारसा असा विषय घ्यायचा. त्यावर निरनिराळ्या स्मृती आणि पुराणं काय म्हणतात ती वचनं गोळा करायची, विषयवार लावायची. दोन वचनं एकमेकांविरुद्ध गेली तर दोन्ही मांडायची, कोणतं कुठे लागू होतं ते सांगायचं आणि निर्णय द्यायचा. तिथी दोन दिवसांत विभागली गेली तर व्रत कोणत्या दिवशी करायचं, एवढ्या प्रश्नावर पानंच्या पानं खर्ची पडतात. आधीच्या अभ्यासाचा आढावा, मतभेदांची छाननी, आपला निष्कर्ष. आजच्या पीएच. डी.च्या प्रबंधाचं हेच तर काम!

आणि 1290 मध्ये, त्याच यादवांच्या अमलात, ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. अठराव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानेश्वर आपण काय केलं ते सांगतात, त्यात ‘ओवीयेचेनि प्रबंधें’ आणि पाठोपाठ ‘अक्षरें गुंथिलीं’ असे शब्द येतात. ओवीच्या प्रबंधात अक्षरं गुंफली. प्रबंध म्हणजे गुंफण, हे याहून नेमकं कुणी सांगितलेलं मला माहीत नाही. ओवी हे नावही ‘ओवणे’ या क्रियापदाशीच जोडलं जातं.

म्हणजे तेराव्या शतकातल्या मराठी मुलखात प्रबंध हे गाण्याचं आणि काव्याचं नाव होतं, तर जाडजूड, वचनांनी खच्चून भरलेला विद्वत्ग्रंथ म्हणजे निबंध. आज आपण नेमकं उलट बोलतो. निबंध शाळेत गेला आणि प्रबंध विद्यापीठात.

ही अदलाबदल एका दिवसात झाली नाही. तिचा मोठा टप्पा एकोणिसाव्या शतकातला. इंग्रजी ‘एसे’ मराठीत आणायचा होता आणि त्यासाठी ‘निबंध’ हा शब्द रुळला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1874 मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, तिचे 84 अंक निघाले आणि त्यांतला बहुतेक मजकूर त्यांनी एकट्याने लिहिला. मालेतले निबंध काही चार पानी नव्हते, कित्येक तर अंकामागून अंक चालायचे. पण त्यात लेखकाचा स्वतःचा आवाज होता, वाद होता, टोमणे होते. हेमाद्रीच्या निबंधाशी त्याचं नातं नावापुरतंच उरलं. गंमत अशी, की फ्रेंचमधून आलेल्या ‘एसे’चा मूळ अर्थ प्रयत्न, चाचपणी असा आहे. 1580 मध्ये माँतेन या फ्रेंच लेखकाने आपल्या लेखनाला ते नाव दिलं ते ‘जरा करून बघतो’ अशा भावनेने. त्याच्यासाठी आपण निवडला तो शब्द मात्र जखडून टाकण्याचा. पुढे शाळांनी निबंधाचं जे केलं ते पाहता शब्दाची निवड दूरदृष्टीचीच म्हणायची.

निबंध असा हलक्या लेखनाकडे सरकल्यावर जड लेखनासाठी दुसरा शब्द लागणारच होता. विद्यापीठं आली, पदव्या आल्या, आणि ती जागा प्रबंधाने घेतली. त्याच्या अंगी सलगपणाचा अर्थ पूर्वीपासून होता, तो इथे उपयोगी पडला. संस्कृत काव्यशास्त्रात प्रबंधाच्या विरुद्ध शब्द आहे ‘मुक्तक’. एकटा, आपल्या पायांवर उभा असलेला श्लोक म्हणजे मुक्तक. एका कथासूत्रात बांधलेलं, मागचं-पुढचं धरून चालणारं काव्य म्हणजे प्रबंध. नवव्या शतकात आनंदवर्धनाने अमरू कवीची स्तुती करताना त्याची मुक्तकं प्रबंधासारखी असतात असं म्हटलं. एका श्लोकात अख्ख्या काव्याचा ऐवज, असा त्याचा भाव. आज उलट तक्रार ऐकू येते. तीनशे पानांचा प्रबंध, आणि आत सगळी मुक्तकं.

शेजारच्या भाषांत डोकावलं तर याच दोन शब्दांनी कुठे कुठे संसार थाटलेत ते कळतं. बंगालीत प्रबंध म्हणजे निबंध. कन्नडमध्येही प्रबंध म्हणजे निबंध, आणि पीएच. डी.चा असेल तर महाप्रबंध. गुजरातीने उलटा मार्ग धरला. निबंध म्हणजे निबंधच, आणि पीएच. डी.चा तो महानिबंध. तेलुगूत प्रबंध म्हटलं की विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या काळातली अलंकारसमृद्ध काव्यं आठवतात. त्या काळालाच तेलुगू साहित्यात प्रबंधयुग म्हणतात. तमिळमध्ये बारा आळवारांची, म्हणजे वैष्णव संतकवींची, चार हजार पदं म्हणजे ‘नालायिर दिव्य प्रबंधम्’. तिथल्या एखाद्या वैष्णव भक्ताला ‘माझा प्रबंध विद्यापीठाने परत पाठवला’ असं सांगितलं तर तो बिचारा हादरून जाईल.

गुजरातेतल्या जैन लेखकांनी या शब्दाला आणखी एक वळण दिलं. त्यांच्याकडे प्रबंध म्हणजे ऐतिहासिक माणसांविषयीचे आख्यानवजा वृत्तान्त. मेरुतुंगाने चौदाव्या शतकाच्या अगदी आरंभी ‘प्रबन्धचिन्तामणि’ लिहिला. सुरुवातीलाच तो सांगतो, की जुन्या कथा वारंवार ऐकून जाणकारांचं मन आता रमत नाही, म्हणून मी नजीकच्या काळातल्या सत्पुरुषांच्या हकिगती घेतो. प्रबंधात नवं काहीतरी असलं पाहिजे, ही अट सातशे वर्षांपूर्वी एका प्रबंधकाराने आपणहून घालून घेतली होती. आणि त्याच श्लोकात ग्रंथ रचण्यासाठी त्याने वापरलेलं क्रियापद ‘तनोमि’ आहे. मी ताणतो, पसरतो, जसा विणकर मागावर धागे ताणतो तसा.

एकदा हे दिसलं की सगळीकडे दोरेच दिसायला लागतात. सूत्र म्हणजे दोरा. तंत्र म्हणजे मुळात मागावरचा ताणा. ग्रंथ ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ ओवणं, गाठ मारणं. ग्रंथी म्हणजे गाठच. ताडपत्राच्या पोथीला भोक पाडून दोरी ओवायचे हे लक्षात घेतलं तर तो अर्थ हाताला लागतो. आणि ‘संदर्भ’? आपण त्याला तळटीप किंवा मागचं-पुढचं एवढंच समजतो, पण तो ‘दृभ्’ म्हणजे गुंफणे या धातूचा. संस्कृतात संदर्भ म्हणजे गुंफण, रचना, प्रसंगी अख्खा ग्रंथही. सोळाव्या शतकात जीव गोस्वामींनी लिहिलेल्या सहा ग्रंथांच्या समूहाला ‘षट्संदर्भ’ म्हणतात. संदर्भसूचीत चारशे नावं कोंबणाऱ्यांनी संदर्भाचा हा अर्थ एकदा तरी वाचावा. जे गुंफलं गेलं नाही, ते यादीत असून संदर्भ होत नाही.

‘शोध’ मात्र दोऱ्यातला नाही. तो ‘शुध्’पासून, म्हणजे शुद्ध करणं. मळ काढून टाकणं या अर्थाने आयुर्वेदातल्या रसशास्त्रात सोनं, तांबं अशा धातूंचं शोधन करतात. मराठीत शोध म्हणजे हुडकणं झालं, पण संशोधनात मूळचा अर्थ अजून थोडा टिकून आहे. जुन्या पोथीची नवी, शुद्ध आवृत्ती करणाऱ्याला आपण संशोधकच म्हणतो. पोथ्यांच्या शेवटी लेखनिक एक ठरलेला श्लोक लिहून जात, की जसं पुस्तक पाहिलं तसं मी उतरवलं, शुद्ध असो वा अशुद्ध, मला दोष देऊ नये. प्रबंध लिहिणाऱ्याला ही सवलत नाही. त्याला पहिल्याच पानांत प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, की हे काम माझं आहे.

आता इंग्रजीकडे. बोलताना आपण सर्रास ‘थीसिस’ म्हणतो आणि लिहिताना ‘प्रबंध’, जणू दोन्ही एकच. पण थीसिस हा शब्द मुळात लेखनाचा नाहीच. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांडणं, ठेवणं. त्याचं मूळ आणि संस्कृतातल्या ‘धा’ या धातूचं मूळ एकच. म्हणजे शब्दकुळाच्या हिशेबाने थीसिसचा मराठी चुलतभाऊ ‘विधान’ आहे, प्रबंध नव्हे. ॲरिस्टॉटलने थीसिसची व्याख्या केली ती अशी, की सर्वसाधारण समजुतीच्या विरुद्ध जाणारं, पण एखाद्या नामांकित तत्त्वज्ञाने मांडलेलं मत. युरोपातल्या मध्ययुगीन विद्यापीठांत थीसिस म्हणजे सभेत मांडायचं आणि विरोधकांपुढे टिकवून दाखवायचं विधान. मार्टिन ल्यूथरचे 1517 मधले 95 थीसिस म्हणजे 95 पुस्तकं नव्हती, 95 वाक्यं-विधानं होती. विधानाच्या समर्थनासाठी लिहिलेल्या बाडालाही पुढे तेच नाव चिकटलं.

आपल्याकडे विधानासाठी वेगळे शब्द होते. न्यायशास्त्रातल्या पाच अवयवांच्या अनुमानात पहिली असते प्रतिज्ञा, ‘डोंगरावर अग्नी आहे’. मग हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. थीसिस म्हणजे ती प्रतिज्ञा. इंग्रजी शब्द काय म्हणायचं आहे त्यावर बोट ठेवतो, आपला शब्द कसं बांधलं आहे त्यावर. मला वाटतं, आपल्याकडच्या प्रबंधांचा एक नेहमीचा रोग या फरकातून थोडाफार समजतो. लिहिणाऱ्याला विचारावं, ‘थीसिस काय?’ तर तो विषय सांगतो, ‘अमुक कवीच्या कवितेतील निसर्ग’. तो विषय झाला. त्या निसर्गाबद्दल तुमची प्रतिज्ञा काय? तिथे शांतता. बांधायला घेतलं आहे, पण काय बांधायचं ते ठरलेलं नाही. मग पहिल्या प्रकरणात कवीचं चरित्र, दुसऱ्यात कालखंड, तिसऱ्यात निसर्गकवितेची परंपरा, असा माल एकाशेजारी एक रचला जातो. बांधणीची एक सोपी परीक्षा आहे. प्रकरण दोन आणि तीनची अदलाबदल करून बघायची. कुणालाच फरक कळला नाही, तर ती प्रकरणं बांधलेली नव्हती, शेजारी ठेवलेली होती.

‘डिझर्टेशन’चं मूळ लॅटिनमध्ये आहे, आणि तिथेही दोराच निघतो. त्यातला ‘सेरेरे’ म्हणजे जोडणं, ओळीत ओवणं. सीरीज हा शब्द त्यातूनच आला. पुढे ‘डिस’ लागून अर्थ झाला एकेक मुद्दा वेगळा करत चर्चा करणं. ब्रिटनमध्ये सहसा पीएच. डी.साठी थीसिस आणि त्याखालच्या पदवीसाठी डिझर्टेशन म्हणतात, अमेरिकेत सहसा याच्या उलट. आपण ब्रिटिश पद्धत उचलली आणि डिझर्टेशनला ‘लघुप्रबंध’ हे नाव दिलं. एम. फिल.च्या विद्यार्थ्यांनी ते वर्षानुवर्षं वापरलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीने एम. फिल. बंद झालं, तेव्हा लघुप्रबंधाचं मोठं गिऱ्हाईक गेलं. आता तो मुख्यतः एम. ए.च्या प्रकल्पांपुरता उरला आहे, आणि तिथे मुलं त्याला सरळ ‘प्रोजेक्ट’ म्हणतात.